मर्जचे बटण आणि नकाराचा संकोच

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता आहेत. आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका पतसंस्थेसाठी त्यांनी पायथन या संगणक-भाषेत एक छोटी लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरला जोडून वापरता येणारा तयार कोड) लिहिली. पावतीवर किंवा चेकवर आकड्यांत असलेली रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणे, एवढेच तिचे काम. एमआयटी या खुल्या परवान्याखाली त्यांनी ती गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवली आणि हळूहळू ती हिशेबाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाऊ लागली. आज ४७ पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘मी केलेला हा बदल घ्या’ अशा इतरांच्या विनंत्या, तुंबल्या आहेत. सर्वांत जुनी अडीच वर्षांपूर्वीची आहे. दर ऑक्टोबरमध्ये ‘रीडमी’ या माहिती देणाऱ्या फाइलमधला एखादा स्वल्पविराम हलवणाऱ्या पुल रिक्वेस्टची रीघ लागते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी ‘प्लेसमेंटच्या आधी माझे काम मर्ज करा’, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील करा, अशी आठवड्याआड आठवण करून देतो. एकाने अंकांची सगळी कोष्टके काढून त्यांच्या जागी नियम बसवणारा २,९०० ओळींचा बदल पाठवला आहे. तो एआयकडून लिहून घेतलेला असावा असे पत्रलेखकांना वाटते, पण चाचण्या सगळ्या पास होत आहेत. वर्षभर नेटाने मदत करणारे, पण कधी न भेटलेले एक गृहस्थ आता मर्ज करण्याचे अधिकार मागत आहेत, आणि दोन अनोळखी खाती ‘प्रकल्प मरतो आहे, त्यांच्या हाती द्या’ असा तगादा लावत आहेत. पत्रलेखक विचारतात : ‘ओपन सोर्स म्हणजे सर्वांसाठी खुले. लोक फुकट काम करून देत असताना त्यांना नाही म्हणणारा मी कोण? मला नकार देता येत नाही, म्हणून मी उत्तरच देत नाही. रविवार सरला की अपराधी वाटते. सगळे त्या गृहस्थांकडे सोपवून मोकळे व्हावे का?’

नमस्कार,

‘नाही म्हणणारा मी कोण’ या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची गुंतागुंत त्याच्याच पोटी जन्मलेली आहे. तुम्ही स्वतः निवडलेला एमआयटी परवाना पुन्हा एकदा वाचा. पाच मिनिटेही लागणार नाहीत. हा कोड वापरावा, त्याच्या प्रती काढाव्यात, त्यात बदल करावा, तो वाटावा, अगदी विकावा, असे सगळे हक्क तुम्ही जगाला दिलेले आहेत आणि कसलीही हमी दिलेली नाही. दुसऱ्याने पाठवलेला बदल आपल्या प्रतीत घेण्याचे वचन मात्र त्या परवान्यात कोठेही नाही. जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस पाहा. त्याच्या कोडवर कोणाचाही स्वामित्वहक्क राखलेला नाही, तो कोणीही कसाही वापरू शकतो. तरीही आपला प्रकल्प ओपन सोर्स असला तरी बाहेरच्या योगदानासाठी खुला नाही, असे त्याचे कर्ते उघडपणे सांगतात. त्यामुळे तो कमी मुक्त ठरत नाही. तुमचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याला फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत काढून, आपली वाट धरण्याचे स्वातंत्र्य आहेच, आणि ते त्याला तुम्हीच दिलेले आहे. तुम्ही एसक्यूलाइटइतके कडक व्हावे असे मी म्हणत नाही. दार किती उघडे ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तो वापरताना अपराधी वाटण्याचे कारण नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरे गृहीतक ‘फुकट काम’ या शब्दांत दडलेले आहे. पाठवणाऱ्याने तुमच्याकडून पैसे घेतलेले नाहीत हे खरे. पण मर्ज केल्या क्षणापासून तो कोड सांभाळणे, पायथनच्या पुढच्या आवृत्तीत तो चालता ठेवणे आणि चुकला तर उत्तर देणे हे सगळे तुमच्या अंगावर येते. लग्नात आहेर म्हणून आलेले सातवे भिंतीवरचे घड्याळ देणाऱ्याच्या प्रेमाने आलेले असते, पण त्याला खिळा आपल्याच भिंतीत ठोकावा लागतो. बहुतेक पुल रिक्वेस्ट लिहिणारा माणूस त्या कोडकडे पुन्हा कधी फिरकत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याची गरज भागलेली असते.

तपासणीतून काय निसटू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीचे आहे. एका योगदानकर्त्याने पाठवलेला, तपासणीतून गेलेला बदल ३१ डिसेंबर २०११ रोजी त्या प्रकल्पात समाविष्ट झाला. त्यात स्मृतीच्या मर्यादेची एक तपासणी राहून गेली होती. ‘हार्टब्लीड’ नावाने ती चूक जगासमोर आली एप्रिल २०१४ मध्ये, म्हणजे सव्वादोन वर्षांनंतर, आणि तोवर इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर तीच चूक घेऊन चालत होते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता आणि तपासणाराही हलगर्जी होता असे नाही. कोड लिहिणारे हात पुष्कळ मिळतात. तो शांतपणे वाचणारे डोळे मात्र दुर्मीळ असतात, आणि तुमच्या प्रकल्पात ते डोळे आज तुमचे एकट्याचे आहेत. तेव्हा तुमचे रविवार कोणत्या बदलांवर खर्च व्हावेत हे ठरवणे हेच तुमचे मुख्य काम आहे.

आता त्या २,९०० ओळींकडे येऊ. त्यातला एक तुकडा तुम्ही पत्रासोबत जोडला होता. शून्य ते शंभरपर्यंतच्या शब्दांचे तुमचे कोष्टक काढून त्याजागी नियम लिहिले आहेत आणि त्यांपैकी एक असा, की विसाच्या पुढे एककस्थानी ९ असेल तर पुढच्या दशकाच्या नावाआधी ‘एकोण’ लावावे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद : नियम सरळ चालत जातो आणि ९९ ला ठेचकाळतो. तेथे तो ‘एकोणशंभर’ असा, कोणत्याही मराठी माणसाने कधी न उच्चारलेला शब्द तयार करतो. आपण नव्याण्णव म्हणतो. चाचण्या तरीही पास होतात, कारण अपेक्षित उत्तरांची नवी यादीसुद्धा त्याच नियमांवरून तयार करून जुन्या यादीच्या जागी ठेवलेली आहे. कोडने स्वतःचीच साक्ष काढली आणि हिरवी खूण मिळवली. उद्या एखाद्या पतसंस्थेच्या पावतीवर ‘अक्षरी रुपये एकोणशंभर फक्त’ छापून आले, तर खातेदार त्या योगदानकर्त्याला विचारायला जाणार नाही.

हा बदल एआयने लिहिला की माणसाने, या चौकशीत मी फारसा शिरणार नाही. जेंटू या लिनक्स वितरणाने (लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम तयार करून वाटणाऱ्या प्रकल्पाने) एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने तयार केलेले योगदान घ्यायचे नाही असे ठरवले. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पानेही अशा कोडला पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाकारला. कर्ल या, इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी, एआयने रचलेले खोटे सुरक्षा-अहवाल तपासण्यात स्वयंसेवकांचा किती वेळ वाया जातो याबद्दल जाहीरपणे तक्रार केलेली आहे. दुसरीकडे, साधन कोणते वापरले ते सांगा आणि जबाबदारी स्वतः घ्या, एवढीच अट ठेवणारे प्रकल्पही आहेत. एकट्याने चालवलेल्या छोट्या प्रकल्पाला मला ही दुसरी वाट अधिक व्यवहार्य वाटते, कारण बंदी घातली तरी ती पाळली गेली की नाही हे तुम्ही तपासू शकत नाही. पाठवणाऱ्याला आपला बदल समजला आहे की नाही, हे मात्र तुम्ही नक्की तपासू शकता. त्यासाठी कोष्टकात कोणती अडचण होती, नियमांना कोणते अपवाद आहेत आणि चाचण्यांतली अपेक्षित उत्तरे कोठून घेतली, एवढे विचारणे पुरेसे आहे. प्रामाणिक माणूस उत्तर देतो किंवा ‘पुन्हा पाहतो’ म्हणतो. ज्याने नुसते चिकटवले आहे त्याच्याकडून बहुधा आणखी एक चिकटवलेला परिच्छेद येतो, आणि मग पुल रिक्वेस्ट बंद करायला तुम्हाला वेगळे कारण शोधावे लागत नाही.

यातून एक कायमची तरतूद निघते. शून्य ते शंभरच्या शब्दांची यादी एका स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा, ती हाताने तपासलेली असू द्या आणि कोणत्या फाइलला कोणाची संमती लागते हे गिटहबला सांगणाऱ्या ‘कोडओनर्स’ फाइलमध्ये तिच्यापुढे तुमचे नाव घाला. मुख्य शाखेला, म्हणजे कोडच्या अधिकृत प्रतीला, संरक्षण लावून कोडओनरची संमती सक्तीची केलीत, म्हणजे तुमच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कोणाचा त्या यादीला धक्का लावणारा बदल मर्ज होणार नाही. ज्यांच्या प्रकल्पात असे कोष्टक नसेल, त्यांच्याकडेही अशी एखादी फाइल असतेच : करांचे दर, तारखांचे स्वरूप, सुट्ट्यांची यादी. कोड बदलणाऱ्याने त्याच पुल रिक्वेस्टमध्ये कसोटीही बदलली असेल, तर आधी कसोटीतला बदल वाचावा, ही सवय कोणत्याही प्रकल्पात उपयोगी पडते.

तुंबलेल्या ४७ विषयी मात्र मला थोडे कठोर बोलावे लागेल. उत्तर न देणे हा सौम्य नकार आहे असे तुम्ही मानता. पलीकडच्या माणसाच्या बाजूने पाहा : अडीच वर्षांपूर्वी कोणीतरी दोन संध्याकाळी घालवून काहीतरी पाठवले आणि ते चांगले होते की वाईट, हे त्याला आजही कळलेले नाही. तिसऱ्या दिवशी आलेला दोन ओळींचा नकार यापेक्षा कितीतरी दयाळू ठरला असता. म्हणून येत्या रविवारी एकही ओळ मर्ज न करता केवळ निकाल देण्यासाठी बसा. वर्षाहून जुन्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लिहा : ‘उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. हा बदल तुम्हाला अजून हवा असेल, तर सध्याच्या मुख्य शाखेवर तो नव्याने बसवून महिनाभरात कळवा. अन्यथा मी ही पुल रिक्वेस्ट बंद करेन. नंतरही ती पुन्हा उघडता येईल.’ बहुतेकांकडून उत्तर येणार नाही. ज्या दोघातिघांकडून येईल, ते तुमचे खरे सहकारी समजा. जे बदल प्रकल्पाच्या कक्षेतच बसत नाहीत, उदाहरणार्थ रक्कम मोठ्याने वाचून दाखवणारा ध्वनी, त्यांना मुदत देत बसू नका. ‘ही लायब्ररी रक्कम अक्षरांत लिहिण्यापुरतीच ठेवायची आहे, त्यामुळे हे घेत नाही, वेगळे पॅकेज केलेत तर रीडमीमध्ये त्याचा दुवा आनंदाने देईन,’ एवढे पुरे. कारण एकदाच आणि खरे सांगावे. ‘सध्या वेळ नाही’ असे लिहिले, की समोरचा माणूस वेळ मिळण्याची वाट पाहत राहतो.

(जुन्या इश्यूंना, म्हणजे चुकांच्या किंवा मागण्यांच्या नोंदींना, आपोआप टाळे लावणारे बॉट मला व्यक्तिशः आवडत नाहीत. पुल रिक्वेस्ट शिळी होऊ शकते. चुकीची नोंद चूक दुरुस्त होईपर्यंत खरीच राहते.)

तुंबारा पुन्हा साचू नये म्हणून योगदानाच्या नियमांची एक पानभर फाइल लिहा, आणि ती खरोखर पानभरच ठेवा. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, पद्धतीतून दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एका पॅचमध्ये (एका वेळी पाठवलेल्या कोडमध्ये) एकच बदल असावा, ही पहिली. दुसरी म्हणजे २००४ पासून तेथे चालत आलेली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ, जिच्याद्वारे पाठवणारा हा कोड देण्याचा आपल्याला हक्क असल्याचे आपल्या नावाने सांगतो. तुमच्या बाबतीत तिला विशेष अर्थ आहे, कारण शब्दांच्या याद्या लोक कोठूनही उचलून आणतात. त्यांच्या जोडीला एक अट तुमची घाला : टंकलेखनाच्या दुरुस्त्या सोडून काहीही लिहिण्याआधी इश्यू उघडून विचारावे. २,९०० ओळी लिहून झाल्यावर नकार द्यायला तुम्हाला जड जाते आणि ऐकणाऱ्यालाही लागतो. तोच नकार कल्पनेच्या पातळीवर दोन्ही बाजूंना सोपा जातो.

ऑक्टोबरची रीघ ही तुमच्या एकट्याची व्यथा नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट करणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये निरर्थक बदलांचा इतका पूर आला, की जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेच मोजायचे, असा नियम आयोजकांना त्याच ऑक्टोबरमध्ये करावा लागला. तुमच्या रेपोवर (प्रकल्पाच्या गिटहबवरील जागेवर) त्या नावाचा टॉपिक, म्हणजे खूणपट्टी, लावलेला असेल तर आजच काढा. तरीही गर्दी झालीच, तर गिटहबच्या सेटिंगमध्ये काही काळ फक्त जुन्या योगदानकर्त्यांना लिहू देण्याची सोय आहे. या पुल रिक्वेस्टवर चर्चा करू नका. धन्यवाद लिहून बंद करा.

अधिकारांच्या मागणीवर मी सर्वांत जास्त विचार केला. एक्सझेड युटिल्स ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ सर्व लिनक्स वितरणांत असते, आणि तीही तुमच्यासारखाच एक माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. ‘जिया तान’ नावाच्या खात्याने २०२१ च्या अखेरीपासून तेथे चांगले, उपयोगी पॅच पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी कामाच्या संथ गतीबद्दल कुरकुर सुरू केली आणि नवा सांभाळणारा नेमा असा दबाव आणला. मूळ सांभाळणाऱ्याने आपली प्रकृती बरी नसल्याचे आणि हा बिनपगारी छंद असल्याचे त्यांना सांगितलेही होते. अखेर जिया तानला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत सर्व्हरमध्ये शिरण्याचे चोरदार निघाले. ते उघडकीस आले ते अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या सर्व्हरमध्ये जाण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले म्हणून.

ही हकीगत सांगून त्या गृहस्थांवर मला संशय घ्यायचा नाही. वर्षभर नेटाने काम करणारा माणूस बहुधा खरोखरच नेटाने काम करणारा माणूस असतो, आणि त्या दोन खात्यांशी त्यांचा काहीही संबंध नसू शकतो. पण थकलेल्या माणसावर बाहेरून दबाव येत असताना त्याने एका झटक्यात सगळे सोपवू नये, हा धडा त्यांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नाही. तुमचा ‘मोकळे व्हावे का’ हा प्रश्न मला त्या थकव्यातून आलेला दिसतो. काम वाटून द्या. चाव्या वाटण्याची घाई करू नका. रेपो सध्या तुमच्या वैयक्तिक खात्यावर आहे आणि तेथे मालक व सहयोगी अशा दोनच पायऱ्या मिळतात. गिटहबवर विनाशुल्क ऑर्गनायझेशन उघडून रेपो तिकडे हलवलात, तर ‘ट्रायेज’ ही पायरी मिळते, जिच्यात इश्यू आणि पुल रिक्वेस्ट लावता, बंद करता येतात, पण मर्ज करता येत नाही. त्या गृहस्थांना आज ती द्या आणि स्पष्ट लिहा : ‘तुमच्या मदतीची मला गरज आहे. सहा महिने आपण दोघे मिळून रिव्ह्यू करू. त्यानंतर मर्जचे अधिकार देण्याचा माझा मानस आहे.’ खरा सहकारी यावर रागावत नाही.

मर्जचा अधिकार आणि आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार या दोन गोष्टी त्यानंतरही वेगळ्याच ठेवाव्यात. एक्सझेडमध्ये चोरदार जागे करणारी एक महत्त्वाची फाइल गिटमध्ये, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच. ती प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये (आवृत्तीच्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घुसवलेली होती. म्हणून पॅकेज कोणाच्याही लॅपटॉपवरून, तुमच्यासुद्धा, चढवले जाऊ नये. पायथनची पॅकेजे जेथून वाटली जातात त्या पायपीआयवर २०२३ पासून ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ची सोय आहे, तिच्यामुळे पासवर्ड किंवा टोकन जवळ न बाळगता गिटहबवरच्या कोडमधून पॅकेज तयार होऊन थेट जाते, आणि ते कशापासून तयार झाले हे सर्वांना पाहता येते. एवढे करूनही तुम्हाला थांबावेसे वाटले तर थांबा. रीडमीच्या पहिल्या ओळीत तसे लिहून रेपो आर्काइव्ह करणे, म्हणजे तो फक्त वाचण्यापुरता ठेवणे, हा संपूर्ण सभ्य मार्ग आहे, आणि घाईने वारस नेमण्यापेक्षा तो वापरणाऱ्यांच्या दृष्टीने जास्त सुरक्षितही आहे.

उरला तो विद्यार्थी. त्याच्या तगाद्याचा तुम्हाला त्रास होतो आहे, पण तो ज्या बाजारात उभा आहे तेथे ‘ओपन सोर्समध्ये योगदान’ ही रेझ्युमेवरची एक ओळ मुलाखतीपर्यंत नेऊ शकते, असे त्याला सगळेच सांगत असतात. त्याची पुल रिक्वेस्ट तुम्ही लिहिता तशी फक्त व्हेरिएबलची नावे बदलणारी असेल, तर ती घेऊ नका. प्लेसमेंटची तारीख हा कोडचा गुण नव्हे. मात्र त्याला एक खरे काम द्या. तुमच्या इश्यूंत शंभर कोटींच्या पुढच्या रकमांचा प्रश्न दीड वर्ष पडून आहे : १,००,००,००,००० ला ‘शंभर कोटी’ म्हणायचे की ‘एक अब्ज’? हा निर्णय त्याने घ्यायचा नाही, तुम्ही घ्यायचा आहे. व्यवहारात लोक शंभर कोटीच म्हणतात, तेव्हा तेच मूळ वर्तन ठेवावे आणि अब्ज हवे असणाऱ्यांसाठी पर्याय द्यावा, असे माझे मत. तसे इश्यूमध्ये लिहा, कोणत्या फाइलमध्ये बदल लागेल ते सांगा, सीमेवरच्या चारपाच रकमांची अपेक्षित उत्तरे स्वतःच्या हाताने लिहून द्या, आणि मग त्याला कळवा : ‘तुमची सध्याची पुल रिक्वेस्ट मी बंद करत आहे, कारण नावे बदलल्याने वापरणाऱ्यांना काही मिळत नाही. हा इश्यू तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. त्यावर काम पाठवलेत तर दोन आठवड्यांच्या आत रिव्ह्यू देईन. मर्ज होईलच असे आत्ता सांगू शकत नाही.’ आणि दोन आठवडे लिहिले असतील, तर ती तारीख कॅलेंडरमध्ये घाला.